उजेड परिवार

माझे सासरे गेले ते दोन गोष्टी मागे ठेवून. एक, माडीवरची दिवे जोडायची खोली. दुसरा, एक नियम. माल आणून देणारी दोन माणसं आपल्या जिन्यात एकमेकांना भेटता कामा नयेत, असा तो नियम.

टेबलावर ठेवायचे दिवे हा आमचा धंदा. लाकडाची बैठक आणि तिच्यावरचा गोल दांडा कातारी त्याच्या यंत्रावर करून द्यायचा. कापडी शेड दुसरीकडून यायची, वायर आणि होल्डर तिसरीकडून, खोकी चौथीकडून. आम्ही ते सगळं जोडायचो, बल्ब लावून बघायचो, बुडाला आमच्या नावाचा कागद चिकटवायचो आणि दुकानांत पाठवायचो. कातारी सोमवारी सकाळी यायचा, शेडवाला मंगळवारी दुपारी. कोणी वेळ चुकवून आला तर मामंजी त्याला खाली चहाच्या दुकानात बसवून ठेवायचे. एकदा कातारी निघायच्या आत खोकेवाला वर आला, तेव्हा मामंजींनी कातार्‍याला हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये पाठवलं आणि बाहेरून कडी घातली. आत तो बराच वेळ हात धूत होता.

मी तेव्हा नवीन होते. विचारलं, "मामंजी, ह्यात एवढं गुपित काय आहे?"

"गुपित काहीच नाही, सूनबाई," ते म्हणाले. "तेच कोणाला कळता कामा नये."

मला ते पटलं. आमच्या ह्यांना बहुतेक तेव्हाही पटलं नसावं, पण वडिलांसमोर बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती. मामंजी होते तोवर ह्यांचं काम म्हणजे हेलपाटे. कातार्‍याचा निरोप शेडवाल्याला, शेडवाल्याची तक्रार कातार्‍याला, तीही कोणाची आहे ते न सांगता. दिवसभर फिरून संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "मिटवलं." काय मिटवलं ते मी विचारत नसे.

मामंजी गेल्यावर हे लघुउद्योजकांच्या एका शिबिराला गेले आणि बिघडून आले. गळ्यात नावाचा बिल्ला होता, तो रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यांनी काढला नाही. जेवताना सारखे म्हणत होते, "आता धंदा म्हणजे नेटवर्क. पुरवठा करणारे आपले नोकर नाहीत, पार्टनर आहेत. पार्टनर शोधायचे, त्यांच्याशी जोडून राहायचं." मी म्हटलं, आधी भाजी वाढून घ्या.

खोटं कशाला बोलू, माणसं त्यांनी चांगली शोधली. जुना शेडवाला कापड ढिलं लावायचा, त्याला वैतागून हे दिवसचे दिवस फोनवर शेडचे फोटो बघत बसले आणि त्यातून त्यांनी एक बाई शोधून काढल्या. दूरच्या गावच्या. फोटो साधेच, पण प्रत्येक फोटोत शिवण आतल्या बाजूने दाखवलेली. "जो आतली बाजू दाखवतो तो फसवत नाही," हे म्हणाले. त्या आमच्या शेडवाल्या ताई. वायरवाला सापडला तो भांडताना. कोणाच्या तरी पोस्टखाली त्याने लिहिलं होतं, की स्वस्त वायर विकणार्‍यांनी ती आधी स्वतःच्या मुलांच्या खोलीत लावावी. ह्यांना तो माणूस आवडला. खोकेवाल्याने आपलं मांजर रिकाम्या खोक्यावर बसवून फोटो टाकला होता. मांजर चांगलं गलेलठ्ठ होतं आणि खोकं दबलं नव्हतं. तेवढ्यावर ह्यांनी त्याला निवडला. कातारी तेवढा मामंजींच्या वेळचा जुना राहिला. त्याच्या नातीने त्याचं खातं उघडून दिलं होतं आणि त्याच्या लाकडाच्या गोल गोल सालींचे व्हिडिओ बघायला आमच्या धंद्याच्या ऑनलाइन पानापेक्षा जास्त गर्दी व्हायची.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग ह्यांनी ग्रुप काढला. नाव ठेवलं 'उजेड परिवार' आणि चौघांनाही एकदम त्यात घेतलं. पाचवी मी.

"अहो," मी म्हटलं, "मामंजींनी ह्या लोकांना जन्मभर जिन्यात भेटू दिलं नाही आणि तुम्ही त्यांना एकाच खोलीत बसवताय?"

"ही खोली नाही. ग्रुप आहे."

"त्याला बाथरूम तरी आहे का? कोणाला कोंडायची वेळ आली तर?"

"तुला ना, काळाबरोबर बदलायलाच नको," हे म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांना उगवत्या सूर्याचा फोटो पाठवला.

ग्रुप रंगला. सकाळी शुभेच्छा, दुपारी मालाचे फोटो, संध्याकाळी कोणाच्या मुलीची परीक्षा कशी गेली त्याची चौकशी. हे सगळ्यांना उत्तरं द्यायचे. शेडवाल्या ताईंची मुलगी आजारी पडली तेव्हा ह्यांनी तीन ओळखी काढून त्यांच्या गावातला चांगला डॉक्टर मिळवून दिला. कातार्‍याचं यंत्र बंद पडलं तेव्हा दुरुस्तीवाल्याला स्वतः गाडीवर बसवून घेऊन गेले. मी खोलीत तीन बायकांबरोबर दिवे जोडत असायची आणि हे दारात उभे राहून आमचे व्हिडिओ काढायचे. "वहिनींचे हात बघा," असं वर लिहायचे. मला राग यायचा, कारण कामात मध्ये मध्ये यायचे. आणि बरंही वाटायचं. लग्न झाल्यापासून हा माणूस इतका खुशीत मी पाहिला नव्हता.

एकदा काही शेड दांड्यावर नीट बसेनात. मी ग्रुपवर फोटो टाकला. हे शर्ट चढवून हेलपाट्याच्या तयारीत, तोवर तिकडे बोलणं सुरूही झालं होतं. कातार्‍याने आपल्या नातीकडून लिहून घेतलं, "दांड्याचं तोंड सूतभर बारीक करतो." ताईंनी लिहिलं, "करा काका, मी शेडची रिंग त्या मापाची देते." खोकेवाला म्हणाला, मग खोक्याची उंची तेवढीच ठेवू ना. प्रकरण संपलं. ह्यांनी त्याखाली पसंतीचा अंगठा टाकला आणि शर्ट काढून ठेवला.

"बघ," हे मला म्हणाले, "माझ्याशिवाय सगळं चालतंय."

एवढ्या अभिमानाने म्हणाले की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताना माणूस इतका आनंदात असतो हे मला माहीत नव्हतं.

त्याच सुमारास थोरल्या दिरांनी खोलीचा विषय काढला. खोली दोघा भावांच्या नावावर. थोरल्यांना ती व्यायामशाळेला भाड्याने द्यायची होती. दुकानांची मागणी कमी झाली होती, ते काही त्यांच्यापासून लपलं नव्हतं. "वर्षअखेरपर्यंत बघतो," ते म्हणाले, "तोवर तुझ्या त्या नेटवर्कातून काही निघालं तर ठीक, नाहीतर खोली रिकामी कर." हे त्या रात्री पानावरून अर्धपोटी उठले.

आणि खरंच निघालं. एका नव्या हॉटेलची खरेदी बघणार्‍या साहेबांनी आमचं पान बघून विचारणा केली. प्रत्येक खोलीत पलंगाशेजारी एक दिवा. पहिली खेप आवडली तर त्याच मालकाची आणखी हॉटेलं होती. ह्या ऑर्डरवर आमची खोली राहणार की जाणार हे ठरणार होतं, आणि खोलीबरोबर माझ्या तीन बायकांचं कामही. साहेब सडपातळ, हळू बोलणारे, मेसेजमध्येसुद्धा पूर्णविराम देणारे. ते नमुना बघायला आले, तेव्हा हे त्यांना म्हणाले, "साहेब, आमच्याकडे लपवाछपवी नाही. तुम्हाला काम कसं चाललंय ते रोज दिसेल." आणि त्यांनी साहेबांना ग्रुपमध्ये घेतलं.

मामंजी असते तर त्यांनी ह्या वेळी स्वतःलाच कोंडून घेतलं असतं. मी डोळ्यांनी खुणावलं, पण हे तेव्हा साहेबांना परिवाराची ओळख करून देण्यात गर्क होते. कातारी कुठे राहतो, ताई कुठल्या, कोणाचा माल किती दिवसांत येतो, सगळं.

"नमस्कार. शेडचा रंग जरा गडद मिळेल का." साहेबांनी ग्रुपवर विचारलं.

"हो सर, उद्या नमुना पाठवते," ताई म्हणाल्या.

ह्यांचा अंगठा.

"खोक्यावर हॉटेलचं नाव येईल का."

"होऊन जाईल साहेब," खोकेवाला म्हणाला.

ह्यांचा अंगठा.

पहिली खेप वेळेत गेली. साहेबांनी दिवा लावलेल्या खोलीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "उत्तम टीम." हे तो फोटो थोरल्यांना दाखवून आले. थोरले "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं, असं आम्ही दोघं धरून चाललो.

मग ग्रुप शांत झाला.

हे सकाळी सूर्य पाठवायचे, त्यावर वायरवाला तेवढा हात जोडायचा. मालाचे फोटो बंद. मुलींच्या परीक्षाही बहुधा संपल्या. "कामात असतील सगळे," हे म्हणाले. मला मात्र ती शांतता ओळखीची होती. आमच्या घरच्या ग्रुपवर एकदा अशीच पसरली होती आणि पुढे कळलं, की माझ्या तिघी नणंदांनी मला वगळून वेगळा ग्रुप काढलाय आणि तिथे माझ्याविषयी लिहून लिहून त्यांची बोटं दुखतायत. ग्रुप भांडला तर काळजी नसते. गप्प झाला तर समजावं, माणसं दुसरीकडे बोलतायत. ह्यांना नणंदा नाहीत, त्यांना कसं कळणार.

दुसर्‍या खेपेविषयी ह्यांनी साहेबांना विचारलं. वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तरी हे छापखान्यात नवीन कार्डं करायला गेले, 'नेटवर्क पार्टनर' असं खाली लिहिलेली. त्या दुपारी मी खोलीत एकटीच होते, बायका जेवायला गेल्या होत्या. जिन्यात पावलं वाजली. एकाची नव्हती.

चौघेही आले होते. पुढे कातारी, मागे ताई, त्यांच्यामागे वायरवाला, आणि शेवटी खोकेवाला एक मोठं खोकं सांभाळत. आमच्या जिन्याने हे दृश्य कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, भाऊ नाहीत ना?" ताईंनी विचारलं.

"नाहीत. असते तर आला असता का?"

ताई ओशाळल्या. कातारी स्टुलावर बसला. "सूनबाई, आधी ऐकून घे, मग काय रागवायचं ते रागव," तो म्हणाला.

मग त्यांनी सांगितलं. साहेबांनी ताईंना फोन करून अगदी शांतपणे विचारलं होतं, की तुम्ही चौघे एकमेकांना ओळखताच, तर मध्ये आणखी कोणी हवंय का. चौघांनी विचार केला. दुसरी खेप घेतली. ताईंच्या पुढच्या खोलीत बसून दिवे जोडले. त्यातले निम्मे कलले, काही मधूनच मालवायला लागले, साहेबांनी सगळे परत पाठवले. खोक्यात तेच होते.

"फिटिंग तुमच्याकडे द्यायचं ठरलंय," ताई म्हणाल्या. "खोली आहे, बायका आहेत, तुमचा हात बसलेला आहे. व्हिडिओत बघितलंय आम्ही. ही खेप, पुढच्या खेपा, सगळं तुमच्याकडेच येईल."

"आणि हे?"

खोकेवाल्याने आपल्या बुटांकडे बघितलं.

"भाऊंविषयी आमच्या मनात वाकडं काही नाही, वहिनी," ताई म्हणाल्या. "त्यांच्यामुळेच तर आम्ही एकमेकांना भेटलो."

"पण ते नक्की काय करतात," वायरवाला म्हणाला, "हे आम्ही चौघांनी मिळून आठवून बघितलं. नाही आठवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, तुमच्या मुलीला डॉक्टर कोणी शोधून दिला?"

"भाऊंनी."

"काका, तुमचं यंत्र?"

"त्यानेच," कातारी मान खाली घालून म्हणाला.

"म्हणून तर म्हणतो ना," वायरवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "माणूस सोन्यासारखा आहे. त्यांना परिवारात ठेवलंच आहे. आमचा नवीन ग्रुप कामाचा आहे, तिथे त्यांना उगाच कशाला त्रास?"

मी बरंच बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चौघांनीही ऐकून घेतलं, त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. पण बोलता बोलता मी खोक्यातला एक दिवा बाहेर काढला होता, त्याचा होल्डर सोडवून वायर पुन्हा नीट भरली होती आणि शेड सरळ केली होती. बल्ब लावला तर लागला. ते चौघे त्या दिव्याकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं, की मी हो म्हणून बसलेय. नाही म्हटलं असतं तर पुढच्या महिन्यात ह्याच जागी लोक वजनं उचलत असते.

हे कार्डं घेऊन आले. मी आडवळणं घेतली नाहीत, सरळ सांगितलं.

"असं होणार नाही," हे म्हणाले. "तुझा काहीतरी गैरसमज झालाय. थांब, ग्रुपवर विचारतो."

"ग्रुपवर विचारू नका. तिथे आता कोणी नसतं."

ते खाली बसले. "चौघेही?"

"चौघेही. एकत्र आले होते."

"जिन्यातून?"

"जिन्यातूनच. खिडकीतून कसे येतील?"

बराच वेळ ते कार्डांच्या गठ्ठ्यावरचं रबर ताणत बसले. मला वाटलं आता चिडतील, मला बोलतील, नवर्‍याला सोडून कामाला हो म्हणालीस म्हणून. मी उत्तरंही तयार ठेवली होती. "बरं केलंस," ते म्हणाले. "खोली राहील." मग फोन काढून त्यांनी उजेड परिवारावर लिहिलं: "आपल्या परिवाराला मोठी ऑर्डर मिळाल्याचं समजलं. सर्वांचं मनापासून अभिनंदन. असेच पुढे जा."

"हा टोमणा आहे का?" मी विचारलं.

"नाही गं. माल खरंच चांगला देतात ते."

त्यांनी आदळआपट केली असती तर मला सोपं गेलं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली, ती आधीच घासलेली होती.

त्या अभिनंदनाने परिवाराची मात्र पळता भुई थोडी झाली. साहेब सगळ्यात आधी ग्रुप सोडून गेले, न बोलता. खोकेवाला "आभारी आहे भाऊ" म्हणून गेला. ताईंनी आधी मोठा मजकूर लिहिला, मग तो काढून टाकला, मग त्याही गेल्या. वायरवाला हात जोडून गेला. कातार्‍याला बाहेर कसं पडायचं ते येत नव्हतं, तो नात शाळेतून येईपर्यंत अडकून पडला. मग तोही गेला. उजेड परिवारात आम्ही दोघेच उरलो.

काम सुरू झालं. दिवे सरळ उभे राहायला लागले. मी दुसर्‍या ग्रुपमध्ये आहे, त्याला नावही नाही, नुसती तारीख आहे. तिथे कोणी कोणाची चौकशी करत नाही. शेड किती, दांडे किती, कधी, एवढंच. बुडाला चिकटवायचा कागद आता हॉटेलचा असतो. थोरल्यांनी व्यायामशाळेचा विषय सोडून दिला, वर मला म्हणाले, त्याच्या नेटवर्कातून निघालं म्हणायचं काहीतरी. मी हो म्हटलं. ऑर्डर आमच्या खोलीत राहिली होती, ह्यात खोटं काहीच नव्हतं.

हे मात्र माडीवर यायचे बंद झाले. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून तयार व्हायचे आणि मग सोफ्यावर बसायचे. मी निघताना "सांभाळून जा" म्हणायचे. जिना आमच्याच घराच्या बाजूला आहे, त्यात सांभाळण्यासारखं काय होतं ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी मी घरी आले की कोण काय म्हणालं ते विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर यायचं आणि ते पाणी आणायला उठायचे. मला त्यांची दया यायची आणि दया आली की माझा आवाज चढतो. असे आमचे पुष्कळ दिवस गेले.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसलो होतो. मी पुढच्या आठवड्याचा हिशोब मनात लावत होते, कारण तिघींपैकी एक बाई माहेरी जाणार होती आणि हात कमी पडणार होते. ते मी सकाळी मोठ्याने बोललेही होते. माझा फोन वाजला. उजेड परिवारावर मेसेज होता.

"फिटिंगसाठी माणूस हवा आहे असं समजलं. जागा भरली का?"

मी वर बघितलं. हे आपल्या फोनकडे बघत होते. चेहर्‍यावर हसू नव्हतं. मला वाटलं, थोडी गंमत केली तर हसतील.

"अनुभव काय?" मी लिहिलं.

पलीकडे ते लिहायला लागले. थांबले. पुन्हा लिहायला लागले. सोफा एकच असल्यामुळे मला त्यांच्या अंगठ्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मग आलं:

"फिटिंगचा नाही. पण त्या चौघांतली तीन माणसं मी शोधली होती."

खरं होतं ते. आतली शिवण, मांजर, ते भांडण, दुसर्‍या कोणाला दिसलं नसतं ते ह्यांनी बघितलं होतं. मला गंमत केल्याची लाज वाटली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी फोन तोंडासमोर धरला.

"उद्या सकाळी नऊला या," मी लिहिलं.

"आल्यावर कोणाला भेटायचं?"

मी फोन खाली घेतला. आमच्यामध्ये एक उशी होती, बाकी काही नाही. त्यांनी मान वर केली नाही. ते खरोखर उत्तराची वाट बघत होते.

"मला," मी लिहिलं.